वाघोलीचं निळं फूल

वाघोली, २२ सप्टेंबर १९९५

ती. सौ. रेवतीताईस, दिनकरचा शि. सा. न. वि. वि.

ताई, खाणीत परवाच्या सुरुंगानंतर पांढऱ्या दगडाच्या पोकळीत लिंबाएवढं निळं फूल सापडलं. किती निळं, ते लिहिता येत नाही. निळ्या स्फटिकांचं फूल ते, त्याला कॅव्हन्साइट म्हणतात. जगात मोजक्या ठिकाणी मिळतं, त्यातलं एक आमची वाघोली! अंगठीत बसवायला जावं तर भुगा होईल, इतकं नाजूक. जसं उगवलं तसंच जपायचं, म्हणून तर संग्राहक वेडे होतात.

शेजारचे काका उद्या झेलम एक्सप्रेसने दिल्लीला निघतात. त्यांच्याबरोबर डबा देतोय, आईच्या जुन्या खणात गुंडाळून. एक तारखेला प्रगती मैदानावरच्या खनिजांच्या प्रदर्शनात परदेशी तज्ज्ञ बाई येतात, त्यांना दाखव. विकायचं नाही. खरं ठरलं तर त्या संग्रहालयात ठेवतात, खाली चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं नाव. कॉलेज सोडून खडीचे ट्रक मोजणाऱ्याचं नाव, ताई!

पाणी लावू नकोस. पुसू तर नकोसच.

तुझा दगडवेडा,
दिनकर

वैशाली, गाझियाबाद, ४ ऑक्टोबर

चि. दिनकरास अनेक आशीर्वाद.

रागवायचं ते शेवटपर्यंत वाचून रागव. डबा आला घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, तुझं पत्र त्यानंतर चार दिवसांनी. डबा आला तेव्हा मी ऑफिसात. नवरात्रात खणातून आलेली माहेरची देवीच, असं समजून सासूबाईंनी फूल देव्हाऱ्यात बसवलं आणि रोज पंचामृताने न्हाऊ घालून पुसलं. पत्र वाचून मी धावले, तेव्हा एक पाकळी ताम्हनात पडलेली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तरी गेलो. तुझी भाची क्षिप्रा इंग्रजीत बोलली. बाईंनी फूल पाहून बाजूला ठेवलं. इतकं मोठं, इतकं निळं, म्हणजे कुणीतरी रंगवलंय म्हणाल्या. मी खण परत गुंडाळायला लागले. क्षिप्राने मात्र पर्समधून ती तुटकी पाकळी काढून पुढे केली. बाईंनी भिंग लावलं. आत अगदी गाभ्यापर्यंत निळ्या सुया, पंख्यासारख्या पसरलेल्या. वरून दिलेला रंग एवढा आत कसा जाईल? बाई खुर्चीतून उठल्याच. फूल संग्रहालयासाठी ठेवून घेतलं आणि शोधणाऱ्याचं नाव विचारलं. क्षिप्राने तुझं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट, आणि चिठ्ठीवर नीट उतरवलंय का तेही पाहिलं.

पाकळी घरी आहे. कधी पाठवू?

तुझी,
ताई

वाघोली, ११ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस शि. सा. न.

ताम्हनापर्यंत रागावलो होतो. पुढचं मुकादमाला दोनदा वाचून दाखवलं. पाकळी पाठवू नकोस, देव्हाऱ्यातच राहू दे. सासूबाईंना नमस्कार सांग, आणि एवढंच सांग की या देवीला अंघोळ चालत नाही.

लोभ आहेच, तो या दगडाइतका नाजूक नाही.

तुझा,
दिनकर