बशीच्या काठावरचे शब्द

आई, ह्या महिन्यात मी तुझी भट्टी लावली. तू गेल्यावर आठ वर्षांनी पहिल्यांदा. मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, तू ठेवली होतीस तिथेच ती उभी आहे. आतल्या विटांच्या कडा झिजल्यात, पण तारा शाबूत होत्या. वायरिंग मात्र सगळं बदलावं लागलं. इलेक्ट्रिशियनने दोनदा विचारलं, अम्मा, हे भंगारात का देत नाही? मी त्याला सांगितलं की माझ्या आईची आहे. त्याने पक्कड उचलली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी वर्षातले चार महिने इथे तंजावूरला येऊन राहते. शेजारच्या बायकांना वाटतं की मी घराच्या ओढीने येते. मीही त्यांना तेच सांगते.

तुला ही माती कशी लागली ते मला लहानपणापासून पाठ आहे. कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत तू मदतनीस होतीस. मुलांनी वापरलेली भांडी धुवायची, पुसायची, मोजून कपाटात ठेवायची. तिथल्या पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या तुला काचेच्या भांड्यांपेक्षा आवडायच्या. एकदा कान तुटलेली एक वाटी तू साहेबांना विचारून घरी आणलीस आणि मला उन्हात धरून दाखवलीस. 'ह्याच्या बुडाखालीं रोज जाळ धरितात,' तू म्हणालीस, 'तरी उजेड आरपार दिसतो बघ.' मी तेव्हा आठवीत होते. मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मग कुणीतरी तुला सांगितलं की विरुधाचलमला ही माती मिळते, कामही शिकवतात. तू सुट्टी काढून गेलीस, दोन पोती घेऊन बसने परत आलीस. स्वयंपाकघरात बादलीत माती भिजायला लागली. बाबा आधी कुरकुर करायचे, मग तेच रविवारी धोतरासारख्या जुन्या वेष्टीतून ती गाळायला बसायचे. तू ती मळायचीस, लाटायचीस, बशीच्या साच्यावर बसवायचीस, आणि काठ हाताने दाबत जायचीस, म्हणून तुझ्या बश्यांचा काठ कधी अगदी गोल झाला नाही. एकदा भाजायचं, मग चकाकी चढवून कडक आचेवर भाजायचं, मग लवंगेच्या तेलात रंग कालवून वर चितारायचं आणि तिसऱ्यांदा हलक्या आचेवर भाजायचं. तिसऱ्यांदा भाजेपर्यंत चितारलेलं सगळं ओल्या फडक्याने पुसता येतं. हे तूच मला शिकवलंस. चुकलें तर घाबरूं नको, पुसून काढ, असं म्हणायचीस.

बाविसाव्या वर्षी मी लग्न होऊन पुण्याला गेले. पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर मी सासूबाईंना म्हटलं, 'मज थोडें उदक द्या.' घरातले सगळे हसले. कुणी वाईट हेतूने हसलं नाही, सासूबाईंनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी मनात वाक्य तपासायला लागले. मज नाही, मला. उदक नाही, पाणी. गे नाही, गं. पाच-सहा वर्षांत कुणाला ओळखू येणार नाही इतकी मी बदलले. बाहेरून परीक्षा देत मराठीत एम.ए. केलं, बी.एड. केलं, आणि पुण्यातल्या शाळेत मुलांना मराठी शिकवायला लागले. तुला ह्याचा केवढा अभिमान होता. आपल्याकडे, तंजावूरच्या मराठी घरांत, देवनागरी वाचता येणारं माणूस शोधावं लागतं. तू स्वतः तमिळ शाळेत शिकलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी तू मला फोन करून म्हणालीस, 'मज अक्षरें शिकायचीं आहेत.' मी तुला लहान मुलांची अंकलिपी पाठवली. सहा महिन्यांनी तुझं पहिलं पोस्टकार्ड आलं, चार ओळींचं. ते वाचताना मी काय केलं ते तुला कधी कळलं नाही. हातात लाल पेन होतं, मुलांच्या वह्या तपासत होते. मी त्या कार्डावर सहा ठिकाणी खुणा केल्या आणि मग ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

पुण्यात महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतल्या हस्तकलांचं एक प्रदर्शन भरणार होतं. तुला तिथे टेबल मिळावं म्हणून मीच खटपट केली. तू फोनवर इतकंच म्हणालीस की बारा बश्या आणीन, काय काढणार ते आतां सांगत नाही. आठवडाभर आधी मी तुला सामान बांधायला मदत करायला आले. बश्या तिसऱ्या भाजणीसाठी तयार होत्या, ओट्यावर ओळीने मांडलेल्या. मधे काही नाही, पांढऱ्या रिकाम्या. फक्त काठावर निळ्या रंगात अक्षरं, डावीकडे कललेली. 'बैस गे.' 'उदक पी.' 'जेविलीस का?' 'पोतुम म्हणूं नको.' तू म्हणालीस, 'माझ्या आईचें बोलणें आहे. दिवसभर हेंच म्हणत असे.' मी म्हटलं, छान झालंय. मी खोटं बोलत नव्हते. पण त्याच वेळी मला ते टेबल दिसत होतं, टेबलापाशी येणाऱ्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दिसत होत्या. मराठी बशीवर पुरेच्या जागी तमिळ पोतुम काय, मज काय, हे शब्द कुठले.

दुसऱ्या दिवशी तू मामाला भेटायला तिरुवैयारूला गेलीस. त्याला ताप होता. जाताना भट्टी माझ्यावर सोपवलीस. 'सावकाश भर. एकमेकींस लागूं देऊं नको. भोकांतून आंतला मातीचा शंकू आंचेनें वाकलेला दिसला कीं बंद कर.' तोवर तू दुसऱ्या कुणाला भट्टी भरू दिली नव्हतीस. मी स्टुलावर बसले, पहिली बशी उचलली. आधी वाटलं, एवढं एक अक्षर नीट करू. ओल्या फडक्याने एक शब्द पुसला, बाटलीतला तुझाच निळा रंग घेतला, तुझाच ब्रश. मग पुढची बशी. दुपारी दोनपर्यंत मी बाराही बश्या पुसून पुन्हा लिहिल्या होत्या. 'बसा.' 'पाणी घ्या.' 'जेवलात का?' 'पुरे म्हणू नका.' अक्षर सुरेख, फळ्यावर काढतात तसं. मग भट्टी भरली, तू सांगितलंस तशीच, सावकाश, कुठे काही न लागू देता. हात लवंगेच्या तेलाने माखले होते आणि मी गुणगुणत होते, आई. एक चांगलं काम केल्यासारखं मला वाटत होतं.

सकाळी तू भट्टी उघडलीस. पहिली बशी दोन्ही हातांत धरून बोट अक्षरांखाली सरकवत वाचलीस. तुला वाचायला नेहमीच वेळ लागायचा. मग दुसरी. मग सगळ्या बाहेर काढून ओट्यावर मांडल्यास आणि एकेक करून वाचल्यास. मी चहा करत होते.

'हें कोणीं लिहिलें?'

'मी. थोडं नीट केलं, आई.'

'काय चुकलें होतें?'

मी शुद्धलेखनाचं काहीतरी बोलले. आपले शब्द तिकडे आता कुणी वापरत नाही, लोकांना कळणार नाही, असं काहीतरी. तू ऐकून घेतलंस. मी शेवटी म्हटलं, 'लोक हसतील.'

'कोणास?'

'तुला.'

'हसूं देत कीं,' तू म्हणालीस. मग हातातली बशी खाली ठेवलीस. 'माझी आई मज कधीं तुम्ही म्हणाली नाही.'

एवढंच. तू ओरडली असतीस तर मी भांडले असते, माझ्याकडे उत्तरं होती. तू चहा घेतलास, चहाची वाटी, आपला डबरा, धुऊन पालथा घातलास, आणि बश्या बांधायला भाताचं काड आणायला बाहेर गेलीस. मला वाटलं, तू येणारच नाहीस पुण्याला. पण तू आलीस, माझ्याबरोबर गाडीत बसून, ते खोकं पूर्ण रस्ता पायाशी ठेवून.

पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले आहेत. प्रदर्शनात गर्दी होती. तू तुझी मरून रंगाची रेशमी साडी नेसली होतीस, केसात अबोली माळली होती. इथून डब्यात घालून नेलेली. लोक बश्या उचलून बघत होते, उजेडात धरत होते. दुपारी मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी काठ वाचले आणि म्हणाल्या, 'किती शुद्ध मराठी जपलीय हो तुम्ही, इतकी वर्षं तिकडे राहून. घरी मराठीच बोलता का?'

तुझा चेहरा उजळला. त्या दिवसात पहिल्यांदाच. तू सुरुवात केलीस, 'होय तर, आमच्या घरीं आम्हीं...' आणि तुझा तो हेल, शब्दाच्या शेवटी वर जाणारा, माझ्या कानावर पडला आणि मी मधेच बोलले. 'तिला मराठी फारसं येत नाही, मॅडम. समजतं. बश्यांवरचं मीच लिहून दिलंय.'

माझ्या तोंडात पहिला शब्द घातलास तू. मला बैस म्हणायला, उदक म्हणायला, आई म्हणायला शिकवलंस तू. आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून, तुझ्या देखत, तुला मराठी येत नाही असं सांगितलं. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. बाजारात एखाद्या ओळखीच्या बाईला हाक मारावी आणि ती वेगळीच कोणी निघावी, तसं पाहिलंस. मग मॅडमना म्हणालीस, 'थँक्यू.' त्यानंतर टेबलापाशी आलेल्या प्रत्येकाला तू तेवढंच म्हणालीस. थँक्यू, थँक्यू. बाराही बश्या गेल्या. घरी सासूबाईंनी विचारलेल्या प्रश्नांनाही तू यस आणि नो म्हणून उत्तरं दिलीस. दोन दिवसांनी तुला स्टेशनवर सोडायला आले. आपण दोघी एकमेकींशी कधीच तमिळ बोललो नव्हतो, रस्त्यात भांडतानासुद्धा नाही. गाडी हलायच्या आधी तू खिडकीतून म्हणालीस, 'पोयिट्टु वरेन.' जाऊन येते. परक्या घरून निघताना म्हणावं तसं.

पंधरा दिवसांनी तुझा फोन आला, पुन्हा आपल्या बोलीत, जेविलीस का गे म्हणून. विषय निघाला नाही. तू काढला नाहीस आणि मी काढू दिला नाही. बश्या तू करतच राहिलीस, शेवटच्या आजारापर्यंत. जाईच्या वेली काढल्यास, शेवग्याची पानं काढलीस, ठिपक्यांच्या रांगांतली कोलमची रांगोळी काढलीस. अक्षर मात्र एक नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, माझ्यासाठी एका बशीवर काहीतरी लिही ना. तू म्हणालीस, 'माझें अक्षर बरें नाही.' मी तेव्हा तुझे पाय धरायला हवे होते. मी म्हटलं, बरं.

ह्या वर्षी इथे आल्यावर मी ठरवलं, त्या बारा बश्या पुन्हा करायच्या, तू लिहिल्या होत्यास तशा. वही घेऊन बसले. नऊ वाक्यं आठवली. तीन काही केल्या आठवेनात. मी काय लिहिलं ते बाराच्या बारा आठवतं, आई. तुझी तीन गेली. म्हणून मागच्या आठवड्यात बस पकडून तिरुवैयारूला मामाकडे गेले. त्याला आता फारसं दिसत नाही, दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, खुर्ची टाकून दिवसभर बसलेला असतो. मी नऊ वाक्यं वाचून दाखवली. तो हसला, मग त्याचे डोळे भरले. आणखी दोन त्याने सांगितली. 'दिवा लागला, घरांत ये.' 'हळूं जा, कोणी पळवीत नाही.' बारावं त्यालाही आठवलं नाही.

मग त्याने मला तो दिवस सांगितला. ताप निमित्त होतं. तू त्या दिवशी सगळी वाक्यं कागदावर उतरवून त्याच्याकडे घेऊन गेली होतीस, आजी खरंच असंच म्हणायची ना हे विचारायला. आजी गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तू पंधराची. तुम्ही दोघं दुपारभर बसून तिच्यासारखं बोलत होतात. 'तुझी आई जातांना म्हणाली,' मामाने सांगितलं, 'आज माझी लेक भट्टी लावते आहे. तिचें अक्षर सुरेख आहे. पुढच्या खेपेस आईचें बोलणें तिच्याकडूनच लिहवून घेईन.'

मी वही मिटली. आतून मामी कॉफी घेऊन आली. मामाने चाचपडत डबरा धरला आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, 'पुण्यास लोकांस आवडलें का गे, आईचें बोलणें? तुझी आई मज कधीं सांगितली नाही.'

मी म्हटलं, 'फार आवडलं, मामा. सगळ्या बश्या गेल्या.'

तो खूष झाला. दोनदा मान हलवली आणि मामीला हाक मारून तेच पुन्हा सांगितलं.

तिसऱ्या भाजणीतून अकरा बश्या नीट निघाल्या आहेत. त्या घेऊन येत्या सोमवारी त्याच्याकडे जायचं आहे, बोटांनी काठ चाचपून बघेन म्हणाला. त्याला खरं सांगायचं असं मी रोज सकाळी ठरवते. दुपारी जेवण होईपर्यंत माझं ठरलेलं असतं की नको.