चादरीचा कोपरा

३ जून, सोमवार

लागली! म्हणजे अजून लागली नाही, पण मुलाखतीला बोलावलं हीच माझ्यासाठी अर्धी नोकरी. अकरा हॉस्पिटलांत अर्ज टाकले आणि अकराही ठिकाणी तोच नन्नाचा पाढा : अनुभव आहे का? अहो, कुणी नोकरीच दिली नाही तर अनुभव काय बाजारातून आणू? या बाराव्या हॉस्पिटलातून मात्र आपणहून पत्र आलं. नर्सिंग कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे असलेली घड्याळताई गेल्या वर्षी इथे आली, तिनंच माझं नाव सुचवलं म्हणे. गणवेशावर उलटं लावलेलं घड्याळ दर दोन मिनिटांनी बघायची, म्हणून घड्याळताई. वर्षभर बाईनं साधी चौकशी केली नाही, आणि आठवण काढली ती अशी! भेटली की आधी भांडणार, मग मिठी मारणार.

आई बसपर्यंत आली होती. हसत म्हणाली, या वेळी तरी तशीच परत येऊ नकोस बाई.

खोली झकास आहे. लोखंडी कॉट, कपाट, खिडकीखाली धुलाईघराचं अंगण आणि दोऱ्यांवर ओळीनं वाळणाऱ्या चादरी. सगळीकडे फिनेलचा वास. आवडतो मला, काय करणार! फोन गेटवर ठेवून घेतला, रुजू झाल्यावर परत देतात. अर्ज आठ पानी. शेवटचा प्रश्न होता, निवड न झाल्यास प्रतीक्षा यादीत राहण्याची तयारी आहे का? याला कोण नाही म्हणेल? ठसठशीत अक्षरात 'होय' लिहिलं.

४ जून, मंगळवार

तोंडी परीक्षा मस्त झाली. मेट्रन बुटक्या, आवाज मऊ, सगळ्यांना 'बाळ' म्हणतात. जागा एकच आहे म्हणाल्या. मी चेहरा हसरा ठेवला. घड्याळताई कुठे दिसत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ती इथेच आहे, उद्या प्रॅक्टिकलला भेटेल. जीव भांड्यात पडला.

रुग्ण झोपलेला असताना चादर बदलायची, हे उद्याचं प्रॅक्टिकल. वा! चादरीचा कोपरा लिफाफ्यासारखा घालावा तर तो मीच. होस्टेलवर माझ्या खोलीतल्या ज्युनिअरला, चिमणीला, मी तो चाळीसदा करायला लावला होता. नीट झाला नाही की बोलायचंही नाही, कॉटच्या दांड्यावर बोटानं दोनदा टकटक, म्हणजे पुन्हा कर. रडायची बिचारी, पण शिकली. यंदा तीही पास झालीय, आणि माझ्यासारखीच अर्जांवर अर्ज टाकतेय.

५ जून, बुधवार

दुपारचे तीन वाजलेत. 

इतर हॉस्पिटलांत प्रॅक्टिकल रबरी बाहुलीवर घेतात. इथे जिवंत माणसावर. तिसऱ्या मजल्यावर सहा खाटा, सहाही बायका. सगळ्या तरुण, सगळ्यांचे केस कापलेले. डोळे उघडे, पण तोंडातून शब्द नाही. खाटेला नावाची पाटी नाही, नुसता आकडा. मला एक नंबरची खाट दिली. चेहरा सुजून बटाट्यासारखा झालेला. तिला कुशीवर वळवलं, जुनी चादर ओढली, तर कोपऱ्यातून घडी केलेली चिठ्ठी हातात आली. मेट्रन मागेच उभ्या होत्या. चिठ्ठी खिशात सरकवली आणि तिचा हात सरळ केला. मनगटावर भाजल्याचा अर्धगोल डाग होता. त्या डागावर मलम मीच लावलं होतं, कॉलेजात असताना.

घड्याळताई.

तिनं मला ओळखलं. मी पटकन नजर वळवली आणि कोपरा घातला. अगदी सुरेख घातला.

चिठ्ठी न्हाणीघरात वाचली. 'मी आजारी नाही. हे औषध देऊन पाडून ठेवतात. भावाला सांग.' खाली त्याचा नंबर.

इथून गेटपर्यंत दोनशे पावलं. गेटसमोर दुकान आहे, तिथून फोन करता येतो. पण परवा निकाल. रुजू झाले की माझा फोन मिळेलच, मग करीन की तिच्या भावाला. दोन दिवसांनी असं काय होतंय? चिठ्ठी या वहीत ठेवलीय.

६ जून, गुरुवार

मेट्रननं चहाला बोलावलं. कोपऱ्याचं तोंडभरून कौतुक केलं. मी धीर करून विचारलं, ताईला काय झालंय? त्या शांतपणे म्हणाल्या, तिची निवड झाली नव्हती, ती प्रतीक्षा यादीत आहे. प्रॅक्टिकलला माणसं लागतात, ती आणायची कुठून? 'होय' तिनंच लिहिलं होतं, सही तिचीच.

मग त्यांनी एक रजिस्टर पुढे सरकवलं. तुझ्यासारखी हुशार अजून एखादी आहे का कॉलेजात? नाव देणाऱ्या मुलीचा आम्ही आधी विचार करतो म्हणाल्या.

मला सगळं कळत होतं. कळलं नाही असं इथे तरी लिहिणार नाही.

चिमणीचं नाव लिहिलं. पत्ताही लिहिला. नीट वाचता यावा म्हणून सुटी सुटी अक्षरं काढली.

७ जून, शुक्रवार

निवड झाली नाही.

चिठ्ठी. मेट्रनना ठाऊक होतं. दर वेळी त्या ती मुद्दाम कोपऱ्यात राहू देतात. तीच खरी परीक्षा. मी विचारलं, माझं काय चुकलं? माझी ही वही उघडून त्यांनी चिठ्ठी काढून घेतली.

"तू ती तिच्या भावाला पोचवली नाहीस, आणि मलाही आणून दिली नाहीस. अशा मुलीचं मी काय करू, बाळ?"

दोन आयांनी दंड धरले. सुई —

खाट तीच. एक नंबर. चादर ताजी. ताई कुठे आहे विचारलं, कुणी सांगितलं नाही. ताईचं घड्याळ आज मेट्रनच्या गणवेशावर आहे.

९ जून

केस गेले. जीभ जड. वही मात्र ठेवू दिली. लिहीत राहा म्हणाल्या, बोटं चालती राहतील. पुढच्या परीक्षेची चिठ्ठी तुलाच लिहायची आहे.

माझ्या फोनवरून आईला निरोप गेला, रुजू झाले. आईचं उत्तर मेट्रननं वाचून दाखवलं. अख्ख्या गल्लीला सांगून आलीय. आता जिवाला घोर नाही म्हणते.

आई गं.

११ जून

चिमणी आली. दारातून दिसली, नवे बूट घालून. इकडे तिकडे मला शोधत होती. हसत होती.

चिठ्ठी लिहायचीय. 'ही मेट्रनला दे' लिहिलं तर ती सुटेल. एवढंच लिहायचं. तीन शब्द.

सकाळपासून पेन धरलंय.

लिहिलं. 'आईला सांग.'

१२ जून

प्रॅक्टिकल झालं. चिमणीनं मला कुशीवर वळवलं. हात उबदार. ओळखलं नाही. मी बोट उचललं — कसंबसं — कॉटच्या दांड्यावर दोनदा —

थांबली. वाकून बघितलं. डोळे भरले तिचे. ताई, म्हणाली मला, अगदी हळू.

चिठ्ठी उलगडली. वाचली.

मग डोळे पुसले. वळली. मेट्रनच्या हातात दिली.

मला बघायचं नव्हतं, पण मान वळत नाही — कोपरा घातला तिनं. एकही सुरकुती नाही. मी शिकवलेला —

१३ जून

तिची निवड झाली. घड्याळ आता तिच्या गणवेशावर.

चिठ्ठीचं काम संपलं, म्हणजे बोटांचंही. मेट्रननं तिला सांगितलं, आजपासून दुप्पट डोस.

तिची पहिली ड्युटी. ट्रे घेऊन येतेय — नवे बूट वाजतात — माझ्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघते —

शीर पहिल्याच झटक्यात सापडते तिला, तेही मीच शिक