रुपालीची नोंदणी

३ फेब्रुवारी, मंगळवार
सुनेचा, रुपालीचा, अर्ज नर्सिंग कौन्सिलकडून परत. दूरशिक्षणाची बी.एस्सी. नर्सिंग नोंदणीला चालत नाही. दिनेशने तिथे फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आधी जीएनएमचा डिप्लोमा झालेला असता तर त्यावरची पदवी बघितली असती. थेट पदवी घरबसल्या कशी होईल?" दिनेश बायकोपेक्षा जास्त घाबरला. त्याला दुकानात पाठवलं. घरात घाबरणाऱ्यांची गर्दी नको.

५ फेब्रु., गुरुवार
विद्यापीठ परराज्यातलं, एजंट पुलगावचा. "सगळ्यायची नोंदणी होते, मॅडम," म्हणाला होता. नातू तेव्हा अंगावर पीत होता, रोज कॉलेजला जाणं शक्य नव्हतं. वर्ध्याच्या खासगी हॉस्पिटलने नोंदणीचा नंबर येईल या भरवशावर तिला घेतलं. काम ती तिथेच शिकली, मोठ्या सिस्टरच्या हाताखाली. चांगलं शिकली. पण नंबर नाही म्हणजे उद्या एखाद्या पेशंटला काही झालं तर

नको. पुढे लिहवत नाही.

९ फेब्रु., सोमवार
उद्या हॉस्पिटलची सरकारी तपासणी. तिथली रीत आज कळली. बिननंबरच्या मुली त्या दिवशी ड्रेस उतरवून साडी नेसतात आणि पेशंटजवळ नातेवाईक म्हणून बसतात. रुपाली हसत सांगते, "मागच्या वेळी मी गिरडच्या एका बुढीची पोरगी झालती. तिनं मले दिवसभर पाय दाबाले लावले." मला हसू आलं नाही. जाऊ नकोस म्हटलं.
"नाई गेली तं काढून टाकतीन, आई."

१० फेब्रु., मंगळवार
रुपालीने घरी येऊन सांगितलं ते लिहिते.
रोहण्याचा म्हातारा, ऑपरेशन झालेला. रुपाली त्याची सून बनून स्टुलावर. तपासणीच्या मॅडम वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, नंबरवाल्या सिस्टर त्यांच्यासोबत. म्हाताऱ्याला उताणं असतानाच उलटी झाली. श्वास अडकला, ओठ निळे. हिने हाक मारली, पण कोणी येईपर्यंत थांबली नाही. कुशीवर वळवलं, सक्शन मशीन लावून घसा मोकळा केला. श्वास आला. मान वर करते तो मॅडम समोर.
"तुम्ही कोण यांच्या?"
"सून."
तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा चहा घेऊन दारात. "काऊन जी, मी एकुलता एक. माह्यं तं लगनच नाई झालं."
मॅडमनी नाव विचारलं. हिने खरं सांगितलं.

११ फेब्रु., बुधवार
हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा फोन. घरीच राहा, कोणी विचारलं तर पेशंटला भेटायला आले होते म्हणा. रुपालीने म्हाताऱ्याची तब्येत विचारली तोवर फोन ठेवलेला. घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. दिनेशला जिकडेतिकडे पोलीस दिसतात. दारात मोटारसायकल थांबली की मलाही. दोघांवर ओरडले. दुसरं काही सुचत नव्हतं.

१३ फेब्रु., शुक्रवार
तपासणीच्या मॅडमचा स्वतःचा फोन. सोमवारी नागपूरच्या कार्यालयात या. मूळ कागद आणा, हॉस्पिटलचं कोणी सोबत नको. आवाज ना कडक, ना गोड. पोरीला वाट दाखवायला बोलावतात, की हॉस्पिटलविरुद्ध साक्षीला, की तिच्यावरच

दिनेश म्हणतो वकील करू. वकिलाला काय सांगणार?

१६ फेब्रु., सोमवार. नागपूर
कार्यालयाबाहेरच्या बाकावर लिहिते आहे.
येताना बसमध्ये रुपाली म्हणाली, "आई, मी सगळं खरं सांगून देतो. आता मले कोणाची पोरगी, कोणाची सून बनून बसवत नाई."
नोकरीभर वर्गात खोटं बोलणाऱ्याला उभं केलं मी. आज जिभेवर आलं होतं, खोटं सांग, पोर लहान आहे तुझं. बोलले नाही. खरं सांग, असंही म्हणवलं नाही. सेलू गेलं, बुटीबोरी गेलं, नागपूर आलं.
आत तिला एकटीलाच घेतलं. आधी तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ तीच बोलली. मग मॅडम. आता कोणाचाच नाही.
शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आत गेला. कोणासाठी ते