ठोंब्याला लावलेली शिस्त

४ जून, सकाळी ७
ठोंब्याने माझा डावा बूट खाल्ला. उजव्याला तोंडही लावलं नाही. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि हे कुत्रं आमच्या गळ्यात मारून गेली. बास झालं! ऑफिसात बावीस माणसं सरळ केली मी, हे काय चीज आहे?

५ जून
लोखंडी क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, आणला. कडी दणकट. चूक केली की आत.

६ जून
उशी फाडली. मानगूट धरून आत कोंबला, कडी लावली, बायकोला बजावलं की उघडायचं नाही, आणि ऑफिसला गेलो. तिने दहा मिनिटांत उघडलं! म्हणे जाळी चावून हिरडीतून रक्त आलं. माझ्या शब्दाला घरात काडीची किंमत नाही. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

७ जून
कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मलाच फैलावर घेतलं. क्रेट ही त्याची खोली समजा म्हणाल्या. दार उघडं, मऊ अंथरूण, जेवण आतच. शिक्षा म्हणून कधीही नाही. तो आत असला की कुणी हात लावायचा नाही. माझ्या मुलीच्या वयाची बाई! तरी मी वाद घातला नाही. बायको म्हणते घातला, दवाखान्यातल्या बाकावरचं मांजर पळालं. ते मूळचंच भित्रं होतं.

८ जून
उद्यापासून मी स्वतः ट्रेनिंग देणार. रोज पंधरा मिनिटं, न ओरडता.

९ जून
चार मिनिटं झाली. ओरडलो नाही. माझा आवाजच तसा आहे.

१७ जून
ऑफिसची गडबड. ट्रेनिंग मनातल्या मनात चालू. बायको क्रेटपाशी फतकल मारून भाजी निवडते, आत स्वतःचा जुना स्वेटर अंथरलाय, मधूनच बिस्किटाचा तुकडा टाकते. नुसते लाड!

२५ जून
जिंकलो! मी घरात पाऊल टाकताच ठोंब्या आपण होऊन क्रेटमध्ये जातो. ऑफिसात सांगितलं. शिपाई हसला. त्याला मेमो देणार.

२९ जून
मुलगी सुट्टीवर आली. तिला प्रयोग दाखवला. मी बाहेर जाऊन आत आलो; ठोंब्या सुतासारखा क्रेटमध्ये. मग ती बाहेर जाऊन आली. तो धावत तिच्या अंगावर. बायको जाऊन आली. तेच. मुलगी म्हणाली, बाबा, ही शिस्त नाही, तो तुम्हाला घाबरून जातो. मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस! जरा मोठ्याने म्हटलं असेन. ती खोलीत गेली, दार लावून घेतलं. बायको स्वयंपाकघरात गेली. तिनेही लावलं.

३० जून, संध्याकाळी ६
मुलगी सकाळच्या गाडीने परत गेली. सुट्टी अजून चार दिवस होती.
आज किल्ली अगदी हळू फिरवली. ठोंब्या तरी उठून आत गेला. क्रेटशेजारी जमिनीवर बसलो. पंधरा मिनिटं, एक शब्द न बोलता. त्याने तोंड भिंतीकडे केलं.
क्रेटचं दार उघडंच होतं.