कोरे डोळे

१२ मे
माझे अकरा, पाक वारसितोंचे सात! एकच सूर्य, अर्ध्या तासाचं अंतर, आणि चार डागांचा फरक.

ते साडेसातला बसतात, मी आठला. दुर्बिणीतून कागदावर सूर्य पडतो, त्यावर दिसतील ते डाग पेन्सिलीने टिपायचे, मोजायचे, कागद खणात. दुसऱ्याचा कागद आधी बघायचा नाही. ते एकतीस वर्षं हेच करतायत, मी दोन. शिकवलंही त्यांनीच — "न्दुक, येताना डोळे कोरे घेऊन ये. काल काय होतं, कोण काय म्हणालं, सगळं फाटकाबाहेर ठेवायचं." मोठ्यांना आम्ही मानाने 'पाक' म्हणतो, आणि ते मला न्दुक, म्हणजे पोरी. बाबा गेल्यापासून मला असं हाक मारणारे ते एकटेच.

१४ मे
दहा–सहा.
नव्या सूर्ययानाच्या लोकांना आमचे आकडे रोज जातात. यान वरून सगळं बघतं, तरी जमिनीवरची शंभर वर्षांची मोजदाद त्यांना पुढे जोडून हवी असते. त्यांच्या फोनवरच्या गटात एप्रिलअखेरीस मलाही घेतलं. इथून मी एकटीच! पहाटे यानाचं ताजं छायाचित्र येतं. केंद्रात येताना अंगकोटमध्ये, त्या शेअर गाडीत, बसल्या बसल्या बघते. काय स्वच्छ! केसाएवढा डागही सुटत नाही. पाकना तर फोन धड उघडताही येत नाही.

२६ मे
शेवटी विचारलंच. "पाक, वरच्या कडेला चार बारीक होते. दिसले नाहीत?"
त्यांनी स्वतःचा कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ. "तुला दिसले ना? मग असतील. तुझे डोळे तरुण आहेत." बायकोने दिलेल्या तळलेल्या तेंपेच्या सोयावड्या मला देऊन टाकल्या. स्वतः कॉफीच प्यायले, तीही अर्धी.

२ जून
केंद्रप्रमुखांना, पाक हेंद्रोंना सांगितलं. "वय झालं गं, कोणाला चुकलंय?" म्हणाले. चुकीचे आकडे जाण्यापेक्षा हे बरं — असं दिवसभर स्वतःला बजावतेय. पण ज्या माणसाने पेन्सिल धरायला शिकवलं त्याच्याबद्दल मी त्याच्या पाठीमागे बोलून आले. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!

११ जून
पाकना तपासून डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "थोडा मोतीबिंदू आहे, वयाला शोभेल एवढाच." केंद्रात सगळ्यांनी फक्त 'मोतीबिंदू' ऐकलं. मीही.

२७ जून
पाकचा केंद्रातला शेवटचा दिवस; डोळ्यांमुळे थांबवलं त्यांना. सकाळी म्हणाले, "आज तू आधी काढ." मी काढला, मग ते बसले. आणि आकडे जुळले! नऊ–नऊ! पाक हेंद्रोंनी टाळ्या वाजवल्या. पाक हसले नाहीत.

दुपारी पिवळ्या भाताचा तुंपेंग केला होता. त्या शंकूचा शेंडा कापून मानाच्या माणसाला द्यायचा असतो. वाटलं, प्रमुखांना देतील. माझ्या ताटात ठेवला. "आता डोळे हिचे." मी तो सगळ्यांसमोर खाल्ला.

१९ जुलै
बाजारात त्यांच्या पत्नी भेटल्या, बु मिनाह. मोटरसायकल विकली म्हणे. "रस्ता ओलांडताना माझा हात धरतात. मे महिन्यापर्यंत माझ्या सुईत दोरा तेच ओवून द्यायचे, आता 'मला कुठलं दिसतंय' म्हणून सुई हातातसुद्धा घेत नाहीत."
मे महिन्यापर्यंत! वांगी घेतली आणि घरी आले.

२ ऑगस्ट
दहा. एकटीचेच. जुळवायला कोणी नाही.

८ सप्टेंबर
जगभरच्या केंद्रांचे आकडे ताडून बघणाऱ्यांचा कागद आला. पाक हेंद्रोंनी माझ्यापुढे सरकवला.

पहिला निरीक्षक — एकतीस वर्षं मोजणी स्थिर. फक्त शेवटचा दिवस वगळावा.
दुसरी निरीक्षक — एप्रिलअखेरपासून दीडपट. एवढ्या लहान दुर्बिणीतून हे डाग दिसणं शक्य नाही.

एप्रिलअखेर. फोन. अंगकोट!
मी खोटं नव्हते काढत. देवाशपथ, मला दिसायचे ते! तासाभरापूर्वी फोनवर बघितलेले, म्हणून दिसायचे. डोळे कोरे नव्हतेच. आणि माझ्या भरल्या डोळ्यांनी मी त्यांचे डोळे आंधळे ठरवले.

मग खणातून २७ जूनचा त्यांचा कागद काढला. पाच डाग ठसठशीत. चार फिकट, भीतभीत टेकवलेले, माझे जिथे होते तिथेच. त्यांना पाचच दिसले होते. एकतीस वर्षांत एकदाच त्यांनी दुसऱ्याचा कागद बघितला, तोही माझा.
टेबलावर डोकं टेकून रडले. पाक हेंद्रो दार ओढून घेऊन बाहेर गेले.

९ सप्टेंबर
फोन फाटकावर पहारेकऱ्याकडे ठेवला. सहा डाग. साध्या मनाने मोजलेले सहा.
यानवाल्यांना लिहिलं, एप्रिलअखेरपासूनचे माझे सगळे कागद रद्द करा, आणि का तेही लिहिलं. मग पाककडे गेले. ओसरीवर कवड्याच्या पिंजऱ्याखाली बसले होते. पायाशी बसून सगळं सांगितलं. छापील कागद वाचून दाखवला, दोनदा. "पाक, तुमचंच बरोबर होतं. सगळे दिवस." बु मिनाह दारात उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांनी डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडाला लावलं. पाक पिंजऱ्याकडे बघत राहिले. "उद्या या ना केंद्रात," म्हटलं. "तुमची खुर्ची तिथेच आहे." त्यांनी होकाराची मान हलवली.

१० सप्टेंबर
आले! डोंगरावर ढग नव्हता. साडेसातला त्यांना खुर्चीत बसवलं, नवी पेन्सिल दिली. कागदावर सूर्य स्वच्छ पडला होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पेन्सिल काही टेकेना. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "न्दुक, आधी तू सांग — किती आहेत?"