तळ्याकाठची आईंची खोली

३ मार्च
आज पुन्हा बांधकाम कार्यालय, खोलीच्या परवानगीसाठी. खिडकीवरच्या बाई आता दुरूनच ओळखतात — "आलात का तळेवाले?" मागची रांग हसली. मीही हसलो. करतो काय!

खोली ती केवढीशी! परसातून तळ्याकडे उतरतं तिथे. सगळ्यांना सांगितलंय, सासूबाईंसाठी आहे. गार वारा, शांतता, समोर पाणी. इथे खरं लिहायला हरकत नाही — त्यांचा टीव्ही दिवसभर माझ्या डोक्याशी असतो. पण घर त्यांचं. घरजावयाला घरमालकिणीला बाहेर काढायचं तर सभ्यपणानंच काढावं लागतं.

९ मार्च
सर्व्हेअर आला. मी सकाळपासून खुंट्या ठोकून, दोरी ताणून तयार! त्यानं दोरीकडे बघितलंसुद्धा नाही. "ही झाली आजची कड. मोठ्या पुराच्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं? त्याच्या अलीकडे, घराच्या बाजूलाच बांधता येईल." कार्यालयात त्या वर्षाची नोंद नाही. "तेव्हाचं कुणी जुनं माणूस आणा. जबाब चालतो."

आख्खी गल्ली पालथी घातली. जुनी माणसं एक तर गेलेली, नाहीतर ऐकू न येणारी. दमून घरी आलो, तर समोर सासूबाई — लग्नापासून याच घरात! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१२ मार्च
सासूबाईंची उजळणी घेतली. "पाणी खुंट्यांच्या बरंच खाली होतं, एवढंच म्हणा आई."

"तुम्ही नका काळजी करू, जावईबापू." वर चहाही त्यांनीच केला. एरवी इतक्या मवाळ कुठल्या! मला वाटलं, आपली छाप पडली.

१३ मार्च
गवंड्याला बोलावून ठेवलं. बाजारात तुरी!

१६ मार्च
घात झाला! कार्यालयाचे साहेब परसात वही उघडून उभे. सासूबाई काठी टेकत खुंट्यांपर्यंत गेल्या. वळल्या. चालत चालत थेट घराशी, धुण्याच्या दगडापाशी येऊन थांबल्या. "इथवर होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. या दगडावरची बादली तरंगत गेली."

साहेबांनी बादलीसकट लिहून घेतलं. अर्ज नामंजूर.

दिवसभर धुसफुसत होतो. कुणाकडे तक्रार करणार — आपलेच दात, आपलेच ओठ! संध्याकाळी जरा निवळलो. म्हटलं, बाई खरं बोलल्या. मी खोटं शिकवायला गेलो आणि त्यांनी भर परसात मला खरेपणा शिकवला. मनातल्या मनात हातच जोडले.

१८ मार्च
बायको कामाच्या दौऱ्यावरून परतली. तिच्या आईच्या खरेपणाचं भरभरून कौतुक केलं. ती बॅग उघडता उघडता थांबली. "पुराच्या वर्षी? तेव्हा माझ्या वेळेला आई बाळंतपणाला आजीकडे होती. पाणी ओसरल्यावरच आली इकडे. तिनं काय पाहिलंय?"

मग हळूच म्हणाली, "महिनाभर मला फोनवर एकच विचारतेय. तिकडे तळ्यापाशी ठेवलंत, तर रात्री हाक कुणाला मारू?"

मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. बाहेर काढणाऱ्याला काय सांगायचं! फार लाज वाटली.