निवारण झाले

सोमवार

पोचले एकदाची! आणि खोटं कशाला सांगू, जागा बघून जीव भांड्यात पडला. फरशी लख्ख, खिडक्या मोठ्या, व्हरांड्यात ओळीनं वेताच्या खुर्च्या. त्यांत म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या, सगळे शांत, कुणाची म्हणून कुरकुर नाही. या वृद्धाश्रमाची एक पद्धत मला फार आवडली. आईवडिलांना आणायच्या आधी घरच्या माणसानं आठवडाभर स्वतः राहून बघायचं. रविवारी धाकटा भाऊ आईला घेऊन येईल. मी हो म्हटलं तर ती राहील, नाही म्हटलं तर तिघं मिळून घरी जाऊ.

आई न्हाणीघरात दोनदा पडली. मी दिवसभर कारखान्यात, भाऊ परगावी. इलाज नाही. पण म्हणून तिला कुठेही टाकून यायला मी बसलेली नाही. माल तपासणं हेच माझं काम, बावीस वर्षं भल्याभल्यांचा माल नापास करत आलेय. मोठ्या सिस्टरना तसं तोंडावर सांगितलं. त्या हसल्या आणि ऑफिसातली जाडजूड तक्रारवही माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, खटकेल ते लिहा, आमच्याकडे एकही तक्रार दुसऱ्या सकाळपर्यंत उरत नाही. चाळून बघितली तर खरंच, प्रत्येक नोंदीपुढे शिक्का: निवारण झाले. म्हटलं, वा! हे बाकी झकास.

मंगळवार

सूप गार! वर तेलकट थर धरलेला. स्वतःच्या आईला द्याल का हे, असं वाढणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वहीत लिहा. लिहिलं, चांगलं ठसठशीत.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त मास्तर आहेत, पाय गेलेले. त्यांनी घंटा वाजवायला सुरुवात केली तेव्हापासून मी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. शेवटी लघवीचं भांडं मीच दिलं. मास्तर बिचारे ओशाळले. मला रडू आलं, आणि मग असा संताप आला की विचारू नका. तेही लिहिलं. व्हरांड्याच्या टोकाला पुढचं दार, त्याला दिवसाढवळ्या कुलूप, माणसं ठेवलीत की गुरं? तेही लिहिलं. एका दिवसात तीन. आई म्हणते, हिच्या जिभेला हाड नाही. पण खाण तशी माती. तिनं तर पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं असतं.

बुधवार

तिन्ही नोंदींपुढे शिक्का. मानलं बुवा! आज सुपाचं काही खटकलं नाही, दोन वाट्या प्यायले. मास्तरांची घंटाही दिवसभरात वाजली नाही. कुणीतरी वेळेवर जात असणार.

मोबाइलला इथे रेंज नाही, म्हणून दुपारी भावाला ऑफिसातून फोन केला. नुसती खरखर, अर्धं बोलणं कळलं नाही. लिहून टाकलं.

गुरुवार

मास्तरांच्या दारावरचा लाल दिवा लागलेला दिसला म्हणून डोकावले. मास्तर घंटेचं बटण दाबत होते. अंगठा पांढरा पडला होता, चादर ओली. आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी स्वतः बटण दाबलं. काही नाही. खिडकीतली मांजर मात्र दचकून पळाली. मांजरीला ऐकू आलं!

सुपात बोट घातलं. गार का गरम, बोटाला कळेना. थर मात्र तसाच.

मग दार शोधायला गेले. व्हरांड्याच्या टोकाला भिंत आहे. सरळसोट भिंत. हातांनी चाचपून बघितली. मंगळवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय की तिथे दार आहे, त्याला कुलूप आहे. मी उभी होते तेवढ्यात टपालवाला त्या भिंतीतून आत आला.

हरामखोर! सूप गरम केलं नाही. घंटेला माणूस ठेवला नाही. कुलूप काढलं नाही. यांनी दुरुस्त केलं ते मला! व्हरांड्यात ते सगळे गप्प बसलेत... देवा, किती तक्रारी केल्या असतील त्यांनी.

शुक्रवार

फोन कानाला लावला. खरखरसुद्धा नाही. तरी ओरडत राहिले, आईला आणू नकोस, आणू नकोस. भावानं ऐकलं की फोन लागलाच नाही, कोण जाणे.

टपालवाल्याच्या मागोमाग धावले. तो गेला, मी भिंतीवर आपटले. कपाळाला टेंगूळ. त्याच्या हातात भावाच्या पत्त्याची चिठ्ठी आधीच कोंबली होती. नंतर कळलं, त्यानं ती जाता जाता मोठ्या सिस्टरच्या टेबलावर ठेवली. मेला!

आता तोंड शिवून बसायचं. वहीत एक अक्षर नाही. रविवारी भावाला समोरासमोर सांगायचं आणि आईला घेऊन निघायचं. बस.

शनिवार

मोठ्या सिस्टरनी बोलावलं. टेबलावर माझी चिठ्ठी. गोड आवाजात म्हणाल्या, काही खटकतंय का? गप्प बसायचं ठरवलं होतं — पण माझ्या मेलीचा हा स्वभाव! ओरडले. म्हटलं, खटकतंय! माझी आई इथे येणार हे खटकतंय! माझ्या आईला तुम्ही हात तर लावून —

त्यांनी चष्मा सारखा केला. म्हणाल्या, तोंडी तक्रारही आम्ही लिहून घेतो. मी समोर बसले होते, उलटं वाचता येत होतं. एकच शब्द लिहिला.

आई.

वही ओढली. दोन सेविकांनी माझे दंड धरले. पान फाटलं नाही.

शिक्का सकाळी पडतो. तोवर लिहून ठेवते. आईला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. हसताना तोंडावर हात धरते. रागावली की भांडी आपटते, आणि मग आपणच येऊन विचारते, जेवलीस का. मला चिमणे म्हणते. अजून. या वयात. चिमणे —

रविवार

भाऊ आला. एकटाच.

पण कोपर वाकवून धरलंय त्यानं. फार हळू चालतोय. खुर्ची ओढली. पाठीला उशी लावली. रिकाम्या खुर्चीला म्हणाला, बघ, ताई किती वाळली.

कालचं पान वाचलं. तीनदा. मला आई आहे. डाव्या डोळ्यानं कमी दिसतं.

भावाला सांगतेय, हिला ने. आत्ता ने! तो तक्रारवही चाळतोय. म्हणतो, ताई, एवढ्या तक्रारी आणि एकूण एक निवारण झालेल्या? आपल्या घरी तरी झालं असतं का एवढं? सही कुठे करायची विचारतोय. गाढव! गाढव!

आई, तू तिथे बसली असशील तर वाच. मोठं लिहितेय. काही बोलू नकोस. कशालाच नावं ठेवू नकोस. जेवणाला नको, खोलीला नको —

माझे केस कपाळावरून मागे सरकतायत. वारा नाही. हात दिसत नाही.

मोठ्या सिस्टर खुर्चीपुढे वाकल्या. मान डोलावतायत. काय म्हणतेय ती? भावाला विचारलं. म्हणाला, आई म्हणतेय, ही माझ्याकडे बघत का नाही, मला ओ का देत नाही —

गप्प बस आई. गप्प. मी आहे. इथेच —

वही उघडली. पेन घेतलं. लिहितायत. तक्रार — मुल